हौशी क्रिकेट क्लबचा हंगाम: ऑगस्टच्या बैठकीपासून मॅटिंग गुंडाळेपर्यंतचा क्रम

बहुतेक हौशी क्लब हंगामाला चुकीच्या टोकाकडून हात घालतात. आधी स्पर्धेची प्रवेश फी भरतात, मग मैदान शोधतात, मग वर्गणी मागतात आणि शनिवारी रात्री दहा वाजता अकराव्या माणसासाठी फोनाफोनी करतात. क्रम नेमका उलटा हवा: माणसं, पैसे, मैदान, सराव आणि सगळ्यात शेवटी स्पर्धा.

खालची मांडणी एक संघ असलेल्या, लेदर बॉलवर रविवारी ४० षटकांचे सामने खेळणाऱ्या क्लबसाठी आहे. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, बरेचसे सामने मॅटिंगवर (खेळपट्टीवर अंथरून ठोकायच्या काथ्याच्या चटईवर), असं गृहीत धरलं आहे. मुंबईत कांगा लीग पावसाळ्यात होते, त्यामुळे तिथल्या क्लबांनी महिने बदलून घ्यावेत; क्रम तोच राहील.

## १. ऑगस्ट: माणसं मोजा, होकार मोजू नका

"यंदा खेळणार का?" या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. तो विचारूच नका. नोव्हेंबर ते मार्चमधल्या सगळ्या रविवारांच्या तारखा एका तक्त्यात मांडा आणि प्रत्येकाकडून तारखेनिहाय हो, नाही किंवा अनिश्चित भरून घ्या. अनिश्चित म्हणजे नाहीच समजा.

तक्ता भरण्याआधी त्यावर चार गोष्टी लाल रंगाने खुणा करून ठेवा: दिवाळीचा आठवडा, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई, फेब्रुवारी-मार्चमधल्या दहावी-बारावीच्या परीक्षा आणि मार्चअखेर. मार्चअखेरीस बँकेतले आणि हिशेबाच्या कामातले खेळाडू गायब होतात, हे दर वर्षी घडतं आणि दर वर्षी कप्तानाला त्याचं आश्चर्य वाटतं.

नोकरदार खेळाडू साधारण ६५ टक्के रविवारी येतात असं धरा. यादीत १७ जण असले तर सरासरी ११ येतील. ऐकायला पुरेसं वाटतं, पण सरासरीवर संघ उभा राहत नाही: अशा क्लबला पाचांतल्या जवळपास दोन रविवारी दहा किंवा त्याहून कमी माणसं मिळतात. २० जण असले तर ही वेळ आठांतून एकदा येते. म्हणून एका संघासाठी २० ते २२ नावं हवीत. पंचवीसच्या पुढे गेलात तर बाहेर बसणाऱ्यांची नाराजी सुरू होते.

या वीस जणांत दोन यष्टिरक्षक, पूर्ण आठ षटकं टाकू शकणारे किमान सात आणि स्कोअरशीट लिहिता येणारे तीन हवेत. यष्टिरक्षक एकच ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्याचं बोट दुखावलं की चांगला फलंदाज ग्लोव्हज घालतो आणि दोन्ही कामं बिघडतात.

तपासा: तक्त्यात कुठल्याही रविवारी बारापेक्षा कमी "हो" असतील तर त्या दिवशी सामना ठरवू नका. तिथे सराव ठेवा.

## २. पैसे: स्थिर खर्च वेगळा, सामन्याचा खर्च वेगळा

दोन याद्या करा. पहिलीत सामने कमी-जास्त झाले तरी न बदलणारे खर्च: प्रवेश फी, मॅटिंगची डागडुजी, क्लबचं किट, नेट्सचं भाडं, प्रथमोपचार पेटी. दुसरीत दर सामन्याचे: मैदानाचं भाडं, पंचांचं मानधन, चेंडू, जेवण, पाणी.

पहिली यादी वार्षिक वर्गणीतून भागवा, दुसरी त्या दिवशी खेळणाऱ्यांच्या मॅच फीमधून. दोन्ही एकत्र केल्या की पाच सामने खेळणारा चौदा सामने खेळणाऱ्याइतकेच पैसे देतो आणि जानेवारीत देणं थांबवतो.

वर्गणी ठरवताना एकूण रक्कम सगळ्यांत भागू नका. स्थिर खर्च ६०,००० रुपये आणि खेळाडू २० असतील तर ३,००० हा आकडा फसवा आहे. चार जण वेळेवर देणार नाहीत असं धरून १६ ने भागा आणि ३,७५० लावा. उरलेल्यांचे आले तर ते मॅटिंगच्या निधीत टाका.

निम्मी वर्गणी ३० सप्टेंबरपर्यंत आणि उरलेली दिवाळीआधी घ्या. पैसे खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात जमा होत असतील तर निदान दर महिन्याच्या पाच तारखेला जमा-खर्चाचं पान ग्रुपवर टाकायचा नियम करा. क्लब संस्था म्हणून नोंदवलेला असेल तर क्लबच्या नावाने खातं उघडा आणि दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत अशी व्यवस्था करा.

सावधान: वर्गणी न भरलेल्याला "या एका सामन्यापुरतं" खेळवलंत की नियम संपला. तो मोडायची पहिली वेळ बहुधा क्लबच्या सर्वांत चांगल्या गोलंदाजासाठीच येते.

## ३. मैदान आणि मॅटिंग

टर्फ विकेट, म्हणजे चटईशिवायची मातीची खेळपट्टी, मिळत असेल तर ती मैदान सांभाळणाऱ्या माळ्याकडे सोपवा. फक्त आदल्या दिवशी पाणी कधी मारलं आणि रोलर कधी फिरवला एवढं विचारा. सकाळी अंगठा दाबल्यावर खळगा पडत असेल तर तासभर उशिराने सुरुवात करायची तयारी ठेवा.

मॅटिंगचं मात्र सगळं क्लबच्या हातात असतं आणि बिघडतंही तिथेच. काथ्याचं मॅटिंग कितीही चांगलं असलं तरी चेंडूची उसळी खालची जमीन ठरवते.

आदल्या संध्याकाळी

१. मुरुमाच्या पट्ट्यावरचे सुटे खडे झाडून काढा. गुड लेंग्थच्या भागात, म्हणजे चांगला चेंडू जिथे टप्पा घेतो तिथे, हरभऱ्याएवढा खडासुद्धा राहता कामा नये.

२. फलंदाज उभा राहतो आणि गोलंदाजाचा पुढचा पाय पडतो तिथले खड्डे ओल्या मुरुमाने भरा. एकाच वेळी भरू नका. दोन-दोन इंचांचे थर द्या आणि प्रत्येक थर धुमसाने ठोका. एकदम भरलेला खड्डा दहाव्या षटकात पुन्हा उघडतो.

३. सगळ्या पट्ट्यावर झारीने सारखं पाणी मारा. सुमारे इंचभर ओल आत जायला हवी. पाईपने एकाच जागी धार सोडलीत तर तिथे मऊ भाग राहतो आणि चेंडू खाली बसतो.

सामन्याच्या सकाळी

४. अंगठा दाबून बघा. माती अंगठ्याला चिकटत नसेल पण ठसा हलका उमटत असेल तर रोलरची वेळ झाली. रोलरला माती चिकटली तर लगेच थांबा, वीस मिनिटांनी पुन्हा सुरू करा. लांबीच्या दिशेने वीस ते तीस मिनिटं फिरवा.

५. मॅटिंग उलगडा. ६६ बाय ८ फुटांच्या चटईला सहा इंची खिळे कडेने दर तीन फुटांवर आणि दोन्ही टोकांना दर फुटावर लागतात, म्हणजे सुमारे ६०. पिशवीत ७५ न्या.

६. एका टोकाचा मधला खिळा आधी, मग त्याच टोकाचे दोन्ही कोपरे. दुसऱ्या टोकाला चौघांनी मिळून ताण द्यायचा आणि ताण सोडण्याआधी मधला खिळा, मग कोपरे ठोकायचे. त्यानंतर कडा: लांबीच्या मध्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक खिळा. एक कड पूर्ण ठोकून दुसरीकडे गेलात तर सुरकुती मधोमध जमते, म्हणजे नेमकी चेंडू पडतो तिथे.

७. खिळ्याचं डोकं काथ्यात पूर्ण बुडायला हवं. अर्धवट वर राहिलेला खिळा चेंडू आणि घोटा दोन्ही फाडतो.

तपासा: गुड लेंग्थवर चटई चिमटीत धरून उचला. बोटभर जाडीपेक्षा जास्त उचलली गेली तर ताण कमी आहे. मग एकच जुना चेंडू खांद्याच्या उंचीवरून दर दोन मीटरवर सोडत चला. दोन ठिकाणच्या उसळीत वीतभर फरक दिसला तर चटई उचला, खालची जमीन दुरुस्त करा आणि पुन्हा ठोका. चाळीस मिनिटं जातील, पण फलंदाजाचा दात वाचेल.

क्रीजच्या खुणा

२२ यार्ड म्हणजे २०.१२ मीटर हे अंतर दोन्ही बोलिंग क्रीजमधलं, म्हणजे यष्टीपासून यष्टीपर्यंतचं आहे. ते पॉपिंग क्रीजपासून, म्हणजे यष्टीपुढच्या रेषेपासून, मोजण्याची चूक फार क्लब करतात आणि विकेट अडीच मीटरने लांब होते. पॉपिंग क्रीज यष्टीपुढे १.२२ मीटरवर, त्यामुळे दोन पॉपिंग क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर भरायला हवं. बोलिंग क्रीजची रुंदी २.६४ मीटर. दोन्ही बोलिंग क्रीजच्या टोकांचा आयत काटकोनात आहे का हे बघायला दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही २०.२९ मीटर आले तर खुणा बरोबर. काथ्यावर चुना टिकत नाही. पांढरा ऑइल पेंट हंगामाच्या सुरुवातीला एकदाच मारून ठेवा.

सावधान: मॅटिंगवर लोखंडी स्पाइक्स चालत नाहीत, रबरी स्टड्सच हवेत. पाहुण्या संघाला हे आदल्या दिवशी कळवा. सकाळी सांगितलंत तर त्यांचे दोन वेगवान गोलंदाज चपलेवर उभे असतात आणि वादाला तिथूनच सुरुवात होते.

## ४. साहित्य

१४ सामन्यांसाठी १४ नवे चार तुकड्यांचे चेंडू आणि तीन जादा घ्या. प्रत्येक संघ आपल्या गोलंदाजीचा चेंडू आणतो हे त्यात धरलं आहे. सगळे एकाच खोक्यातून घ्या आणि वजन करा: १५५.९ ते १६३ ग्रॅम. किराणा दुकानातला डिजिटल काटा पुरतो. वजनाबाहेरचे नेट्सकडे वळवा.

क्लबच्या किटमध्ये पॅडचे चार जोड हवेत, कारण दोघं आत आणि पुढचे दोघं तयार असतात. गार्ड आणि हेल्मेट ज्याचं त्याने आणावं. ज्या हेल्मेटवर जोराचा चेंडू बसला आहे ते बाहेरून शाबूत दिसलं तरी बाद करा.

नवी इंग्लिश विलोची बॅट थेट सामन्यात नेऊ नका. कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येकी चमचाभर, मध्ये रात्रभर विश्रांती आणि बॅट आडवी. दांडा जिथे पात्यात बसवलेला असतो तिथे तेल लावू नका, सांधा सैल होतो. पुढच्या बाजूला पारदर्शक शीट असेल तर फक्त उघड्या लाकडाला तेल. मग लाकडी हातोडीने पंधरा-पंधरा मिनिटांच्या बैठकींत एकूण पाच-सहा तास ठोका. आधी हलक्या हाताने, कडांवर तिरके घाव. "प्री-नॉक्ड" (आधीच ठोकलेली) असं लिहिलं असलं तरी तास-दोन तास हवेतच.

## ५. सहा आठवड्यांचा सराव

दसऱ्याच्या आसपास सुरुवात करा. आठवड्यातून दोनदा, दोन तास. उन्हाचा चटका असतो म्हणून सकाळी सात ते नऊ.

नेहमीची चूक अशी: लोक येतात, नेटमध्ये दहा मिनिटं जोरात फटके मारतात आणि क्षेत्ररक्षणाची वेळ आली की ऑफिसला निघतात. म्हणून क्षेत्ररक्षण आधी घ्या. दहा मिनिटं अंग मोकळं करणं, अर्धा तास झेल आणि थ्रो, पासष्ट मिनिटं नेट्स, दहा मिनिटं पॅड घालून धावा पळणं, शेवटची पाच मिनिटं सामान आवरणं. उशिरा येणाऱ्याची फलंदाजी शेवटी.

नेट्समध्ये तीन नियम पाळा. एक, प्रत्येक गोलंदाजामागे कुणीतरी उभं राहून नो-बॉल मोठ्याने ओरडायचा. सरावात कुणी न मोजलेला नो-बॉल सामन्यात फ्री हिट होऊन परत येतो. दोन, गोलंदाजाने सहा चेंडूंआधी आपलं क्षेत्ररक्षण तोंडाने सांगायचं आणि त्यालाच धरून टाकायचं. तीन, फलंदाज बाद झाला की त्याची दोन मिनिटं कमी.

वेगवान गोलंदाजांचा भार हळूहळू चढवा. एका सत्रात पूर्ण रन-अपने किती चेंडू टाकायचे त्याचा आठवड्यागणिक क्रम: २४, ३०, ३६, ३६, ४२, ४८. अट्ठेचाळीस म्हणजे ४० षटकांच्या सामन्यातली आठ षटकं. जूनपासून काहीच न केलेला माणूस पहिल्याच दिवशी साठ चेंडू टाकतो आणि पहिल्या सामन्याला कंबर धरून बसतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना सलग पाचपेक्षा जास्त षटकं देऊ नका, त्यांनी कितीही आग्रह केला तरी.

टेनिस बॉलवरून आलेल्या खेळाडूंकडे वेगळं लक्ष द्या. त्यांचे हात वेगवान असतात आणि नजर तयार असते, पण चांगल्या टप्प्याचा चेंडूही ते आडव्या बॅटने उचलू पाहतात आणि झेल घेताना हात पुढे ढकलतात. पहिले तीन आठवडे त्यांना सरळ बॅटने मिड-ऑफ ते मिड-ऑन या पट्ट्यातच खेळायला लावा. झेलांसाठी रोज वीस उंच आणि वीस सपाट, चेंडूसोबत हात मागे घेत.

तपासा: सहाव्या आठवड्यात आपसांत ४० षटकांचा एक पूर्ण सामना, स्कोअरशीटसह. वाइड आणि नो-बॉल मिळून वीसच्या वर गेले तर आणखी एक आठवडा फक्त गोलंदाजी.

## ६. संघनिवड

क्लब पराभवाने फुटत नाहीत, निवडीने फुटतात. नियम हंगामाआधी लिहून ग्रुपवर टाका आणि कप्तान, उपकप्तान आणि खेळत नसलेला एक सदस्य अशी तिघांची समिती करा.

कागदावर हे हवं: महिन्यातल्या किमान निम्म्या सरावांना येणाऱ्यालाच प्राधान्य. नियमित येणाऱ्या प्रत्येकाला उपलब्ध असलेल्या सामन्यांपैकी किमान एक तृतीयांश सामने. आणि सर्वांत महत्त्वाचं: कुणालाही सलग दोन सामने नवव्या क्रमांकावर, एकही षटक न देता उभं करायचं नाही. सकाळी सहाला उठून, मॅच फी भरून, दिवसभर फाइन लेगला उभा राहिलेला माणूस तक्रार करत नाही. तो तिसऱ्या रविवारी "घरी पाहुणे आहेत" म्हणतो आणि फेब्रुवारीत तुम्हाला दहा जणांनी खेळावं लागतं. पुढच्या सामन्यात त्याला पहिल्या पाचांत पाठवा किंवा मधली चार षटकं द्या.

बाद फेरीत हा नियम लागू नाही, हेही आधीच लिहा. लपवून केलं की राजकारण वाटतं.

संघ बुधवारी रात्री जाहीर करा: अकरा अधिक एक राखीव. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत प्रत्येकाचं उत्तर हवं. अंगठ्याची खूण चालणार नाही, "येतो" असं लिहायचं. उत्तर नाही तर राखीव आत.

## ७. सामन्याचा दिवस

सामना ९ वाजता असेल तर मॅटिंग लावणारे सहा जण साडेसहाला, बाकीचे पावणेआठला. तेच सहा जण दर वेळी नकोत, पाळी लावा.

नाणेफेक नियमानुसार सुरुवातीच्या वेळेआधी ३० ते १५ मिनिटांच्या दरम्यान व्हायला हवी आणि त्याआधी अकरा जणांची लेखी यादी द्यायची असते. त्याच वेळी दोन्ही कप्तानांनी पंचांसमोर चार गोष्टी नक्की कराव्यात: लेग साइडच्या वाइडची रेषा, फ्री हिट आहे की नाही, हरवलेल्या चेंडूच्या जागी कुठला चेंडू, आणि उशीर झाला तर षटकं कशी कापायची. पंच आपलेच खेळाडू असतील तर २०२२ पासूनचे बदल त्यांना सांगून ठेवा. झेलबाद झाल्यावर, षटक संपलं नसेल तर, नवाच फलंदाज स्ट्राइकवर येतो, धावा घेताना बाजू बदलली असली तरी. चेंडूला थुंकी लावायला बंदी आहे. चेंडू टाकण्याआधीच क्रीजबाहेर पडलेल्या नॉन-स्ट्रायकरला बाद करणं आता धावबादच्या नियमात आहे.

हिवाळ्यात मॅटिंगवर पहिली दहा षटकं खालच्या ओलीमुळे गोलंदाजांना मदत मिळते. पण दुपारी जमीन कोरडी पडून फुटली तर उसळी बेभरवशाची होते. खालचा मुरूम चांगला धुमसलेला असेल तर क्षेत्ररक्षण घ्या, शंका असेल तर फलंदाजी.

कप्तानाने खिशात षटकांचा कागद ठेवावा. पाच गोलंदाज आठ-आठ असा हिशेब करू नका, सहावा कायम मोजा. दोन सर्वोत्तम गोलंदाजांची मिळून पाच षटकं शेवटच्या आठ षटकांसाठी राखून ठेवा. हौशी सामन्यांत ३५व्या षटकाला कामचलाऊ गोलंदाज आणावा लागतो, याचं कारण बहुतेक वेळा विसाव्या षटकात झालेली घाई असतं.

ताशी १५ षटकांच्या वेगाने ४० षटकांना दोन तास चाळीस मिनिटं लागतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून जेवणाची सुट्टी ४० मिनिटांवर जाऊ देऊ नका. त्या सुट्टीत दोघांनी खिळे तपासायचे.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. ग्लासात घालून दिलं तर फायद्याऐवजी अपाय होतो. डोक्याला चेंडू लागलेला खेळाडू "बरा आहे" म्हणाला तरी त्या दिवशी परत मैदानात नको. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक स्कोअररच्या वहीच्या आतल्या बाजूला लिहा.

## ८. स्कोअरशीट आणि नेट रनरेट

ॲपवर स्कोअर ठेवा, पण कागदही ठेवा. मोबाइल नेमका तिसाव्या षटकात बंद पडतो. डाव संपल्यावर दोन बेरजा जुळल्या पाहिजेत. फलंदाजांच्या धावा अधिक सर्व अवांतर म्हणजे एकूण. आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय आणि लेग-बाय म्हणजे तेच एकूण. वाइड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या खात्यात जातात, बाय आणि लेग-बाय जात नाहीत. दुसरी बेरीज चुकते ती नेहमी इथेच. पेनल्टीच्या धावा मिळाल्या असतील तर त्या वेगळ्या मिळवा.

नेट रनरेट म्हणजे आपण षटकामागे केलेल्या धावा उणे षटकामागे दिलेल्या धावा. त्यात दोन चुका ठरलेल्या. सर्वबाद झालात तर खेळलेली षटकं न धरता पूर्ण ४० धरायची. आणि ३५.३ षटकं म्हणजे ३५.५, कारण तीन चेंडू म्हणजे अर्धं षटक. समजा तुम्ही ३१.२ षटकांत सर्वबाद १८६ केलेत आणि समोरच्यांनी ३५.३ षटकांत १८७. तुमचा वेग १८६ भागिले ४०, म्हणजे ४.६५. त्यांचा १८७ भागिले ३५.५, म्हणजे ५.२७. फरक उणे ०.६२. हंगामाचा आकडा काढताना सामन्यागणिक फरकांची सरासरी काढू नका. सगळ्या धावा आणि सगळी षटकं एकत्र करून एकदाच भागा.

## ९. जानेवारीतली तपासणी आणि मार्चनंतर

अर्धे सामने झाले की फक्त चार आकडे बघा: दर सामन्यातले अवांतर चेंडू, सुटलेले झेल, आपल्या डावातले निर्धाव चेंडू आणि सरावाची हजेरी. सरासरी आणि शतकं ज्याची त्याला पाठ असतात. निर्धाव चेंडू १४० च्या वर असतील तर उत्तर मोठे फटके नाही. पॅड घालून एकेरी धावा पळण्याचा वेळ दहावरून वीस मिनिटांवर न्या.

शेवटच्या सामन्यानंतर खिळे मोजून काढा, गंजलेले फेका. मॅटिंग झाडून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. घडी घालू नका, घडीवर काथ्या तुटतो; बांबूवर किंवा पाईपवर गुंडाळा आणि उंदीर-वाळवीपासून दूर, विटांवर ठेवा. उसवलेली शिवण आत्ताच सुतळीने शिवून घ्या, ऑगस्टमध्ये कुणालाच आठवत नाही. हिशेब पंधरा दिवसांत मांडा, बाकी असलेल्यांची नावं त्याच कागदावर लिहा आणि रोलरच्या बेअरिंगला ग्रीस लावून त्याला पावसाआधी ताडपत्री घाला.